बिनमिठाचं आगळ

॥ श्री ॥
मांडवी, रत्नागिरी
माघ वद्य ५, शके १८५२

चि. सखाराम यास, आजी येसूबाईचे अ. उ. आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. वाचून तोंड कडू झालं, ते गूळ खाल्ला तरी जाईना. जोडाक्षरं चुकली तर हसू नकोस. भावाच्या पाटीवर चोरून शिकले तेवढंच येतं. दुसऱ्याकडून लिहवून घेतलं असतं, तर नातवाने अक्कल गहाण टाकली हे बंदरभर झालं असतं.

गिरणी आठवड्याचे चारच दिवस चालते, म्हणून तू साच्यांवरचं काम सोडणार नि त्या गंगारामाच्या भागीत कोकमाचं सरबत बाटल्यांत भरून विकणार. उन्हातून दारात आलेल्याला आपण जे फुकट देतो त्याला बूच मारायचं! उद्या ओसरीवर टेकायचंही भाडं घे. वर मलाच शिकवतोस, कोकमाच्या आगळात मीठ घालू नकोस, मुंबईच्या शेटांना खारट चालत नाही. अरे मेल्या, रातांब्याचा रस टिकतो तो मिठावर, शेटाच्या जिभेवर नव्हे. आणि भागीदार तरी कसला शोधलास! गेल्या शिमग्याला आला तो बुटांसकट माझ्या ओल्या सारवलेल्या खळ्यात उभा राहिला. ते खड्डे मी अजून बुजवत्ये आहे.

राहीला सांग, नवऱ्याला थंड पाण्याने न्हाऊ घाल. माया आहे म्हणून एवढं लिहिलं. नसती तर कार्डही फुकट घालवलं नसतं.

तुझी आजी


परळ, मुंबई
ता. ३ मार्च १९३१

तीर्थरूप आजीस, सखारामचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र राहीने मोठ्याने वाचलं आणि शेजारचे हसले. पण आजी, इथली तऱ्हा तुला ठाऊक नाही. जॉबर, म्हणजे आमचा मुकादम, रोज कुणाला तरी घरी बसवतो. नाटे गावचा धोंडू बारा वर्षं साच्यावर होता; परवा त्याची वळकटी बांधून झाली. माझी पाळी येण्याआधी मीच उठलो तर निदान पाठीत लाथ तरी बसणार नाही. गंगारामाने बाटल्यांवर लावायला कमळाची चित्रंही छापून घेतली. तो म्हणतो, म्हातारीला बाजार कळत नाही. राही म्हणते, आजींचं ऐका. तू रस दिलास तरच हे जमणार. रागावून का होईना, पण दे.

मायेत उणं पडू देऊ नये ही विनंती.

तुझा सखाराम


मांडवी
वैशाख वद्य १०, शके १८५३

चि. सखाराम यास अ. उ. आशीर्वाद.

मुंबईला निघालेल्या भागोजीबरोबर दोन बरण्या धाडल्या आहेत. पांढरीत माझ्या रीतीचं आगळ. काळीत तू मागितलास तो बिनमिठाचा रस. तो भरताना मला शिसारी आली, पुन्हा आंघोळ करावीशी वाटली. तुझ्या आजोबांच्या हातच्या झाडांची फळं ती. असो.

आता ऐक. पावसाळा काढल्याशिवाय आपण होडीचासुद्धा भरवसा धरत नाही. दोन्ही बरण्या नारळी पौर्णिमेपर्यंत फळीवर ठेव नि तोवर साचे सोडू नकोस. मग उघड. काळी शाबूत निघाली तर खुशाल दुकान मांड, मी तोंड शिवून घेईन. म्हातारीला बाजार कळत नसेल, नासकं कळतं.

आशीर्वाद आहेतच, ते धंद्याला लावू नकोस.

तुझी आजी


परळ
ता. २० ऑगस्ट १९३१

तीर्थरूप आजीस, शि. सा. न. वि. वि.

लिहायला लाज वाटते. आम्ही थांबलो नाही. गंगारामाने काळी बरणी लगेच फोडली. साखर महाग, म्हणून ती निम्मीच घातली, बाटल्या भरल्या, बुचांवर लाख लावली. मधल्या पावसात एका दुपारी त्या फळीवरच धडाधड फुटल्या. भिंत, गादी, राहीचं लुगडं सगळं लाल. शेजारची काशी धावत आली ती खून झाला म्हणून ओरडत. गंगाराम त्या दिवसापासून दिसला नाही. कमळाची चित्रं तेवढी ठेवून गेला.

भिंत धुवायला चाळीच्या माळ्यावरच्या सगळ्या बायका आल्या, सगळ्या आपल्याच किनाऱ्याकडच्या. त्यांना तुझी पांढरी बरणी दिसली. वास घेतला नि काशीच्या डोळ्यांत पाणीच आलं. कढीला म्हणून एकेक वाटी मागत गेल्या. विकायचं ठरवलं होतं, पण आपल्याच बंदरावरच्या बाईला मोल कसं सांगू? जीभच उचलेना. देत गेलो. वाट्या परत आल्या त्या भरून: कुणाचे तांदूळ, कुणाची सुकट, कुणाची खोबऱ्याची कवड.

साचे मी सोडले नव्हते, तुझा शब्द तेवढा पाळला. पण महिना झाला, गिरणीनेच फाटक लावलं. त्या वाट्यांवर आम्ही दिवस काढले. पांढरी बरणी आता रिकामी आहे. गावी येऊ की काय करू, तूच सांग.

पदरात घ्यावं.

तुझा सखाराम


मांडवी
श्रावण वद्य २, शके १८५३

चि. सखाराम यास अ. उ. आशीर्वाद.

किळस आली. आधी गंगारामाची, मग तुझी. पण खोटं कशाला लिहू, मग माझीही आली. त्या साच्यांना धरून बस म्हणून मीच ओरडले नि साचेच बुडाले. गिरणीलाही मीठ लागलेलं नव्हतं म्हणायचं.

गावी येऊ नकोस. शेजारणीकडून मोल घेतलं नाहीस, ते बरं केलंस. घेतलं असतंस तर या दाराची कडी तुला उघडली नसती. त्या वाट्या जातील तशाच जाऊ देत. पण ज्या बाजारात तुला कुणी सख्या म्हणत नाही, तिथे हे आगळ घेऊन बस, आणि तिथे जीभ उचल. परक्याला लाजायला तो काय तुझा मामा आहे? बाटली नको, बूच नको, कमळं चुलीत घाल. शेजारच्या गोदूबाईची रातांब्याची तीन झाडं मी पुढच्या वैशाखासाठी बोलून ठेवली. मला अजून हे पटलेलं नाही, हे लक्षात ठेव. तोवर मिळेल ती हमाली कर.

राहीच्या लुगड्याचा डाग लिंबाने जातो.

बोटी सुरू झाल्या आहेत. माझी पांढरी बरणी परत धाड. रिकामं भांडं परत धाडू नये, हे काशीला कळतं तर तुलाही कळेल. भाईंदरचं जाडं मीठ भरून धाड. काठोकाठ.

तुझी आजी