शीतलच्या जन्माचे आकडे

१८ जून २००७, सोमवार

शीतलले नर्सिंगसाठी जन्माचा दाखला पाह्यजे. शाळेच्या कागदावर १ जून आहे, मास्तरानं अर्ध्या वर्गाले तेच लावलं. खरी तारीख मलेच माहीत. १७ जानेवारी १९८९. माह्याच हातावर झाली. सुईणीले तारखा शिकवा नाई लागत.

तहसीलच्या हापिसात गेली. कोतवालाच्या जन्ममृत्यूच्या जुन्या वह्या आता मशीनमंदी चढवल्या. बाळाच्या नावाची जागा कोरी, बारशाच्या आधीच नोंद होते न. म्हणून तारखेनं शोधा, नाई तं आईच्या नावानं. मशीनवरची पोरगी म्हणे, "मावशी, आईचं नाव सांगा." म्हटलं, तारखेनंच पाह्य.

तिनं इंग्रजी आकडे दाबले. "नाही सापडत."

पाणी प्याले थांबली. माह्यामागं सिंदी गावचा एक म्हातारा, नातवाच्या दाखल्यासाठी. त्याचंबी नाई भेटलं. मंग त्या पोरीनं कपाळावर हात मारला, मराठी आकडे दाबले. भेटलं! त्याले सांगे, "बाबा, आपल्याला पाच तो पाच. कम्प्युटरच्या पोटात मराठी पाचाचा नंबर वेगळा, इंग्रजी पाचाचा वेगळा. त्याला दोन्ही एक वाटतच नाहीत. वह्या मराठीत चढवल्या, मी इंग्रजीत शोधत बसले."

ऐकलं सगळं. पुन्हा खिडकीपाशी जायचं तं

एसटी धरली.

१९ जून

दुकानात शीतलचा फोन, वर्ध्याच्या होस्टेलातून. "भेटला का व आई?" म्हटलं, नाई. खोटं नाई ते. नाईच भेटला.

मंग म्हणे, "तीस तारखेले नाई देला तं सीट जाते. जाऊ दे, पुढच्या वर्षी पाहू. तू उन्हात फिरू नको."

मलेच समजावते. डोकं फिरलं. फोन ठेवून देला.

२२ जून

दाखल्यावर आईच्या जागी लीला येईन.

वीटभट्टीवरची लीला. बाळ दाखवलं, पाह्यलं तिनं, हसली. रगत थांबलंच नाई. लय केलं मी. नवरा आठ दिवसात भट्टी सोडून गेला, पोरगी माह्या पदरात. शाळेत आई म्हणून माह्यं नाव. गावात सगळ्याईले माहीत, अठरा वर्षं कोणी शीतलपाशी तोंड उघडलं नाई.

लीलाचं नावबी कोणी घेत नाई. मीबी नाई.

२६ जून

आज कुंभाराच्या सुनेची डिलिव्हरी. पोरगा. ब्लेड उकळता उकळता शीतल आठवली. आठ वर्षांची होती तं माह्या मागं मागं ये अन् मलेच दटावे, "नीट उकळलं का व? दाखव." बाया हसत. नर्स तं ती तवाच झाली. आता मी आडवी पडली तिच्या रस्त्यात.

त्या दिवशी लीलाजवळ अशी एखादी असती तं.

२८ जून, गुरुवार

गेली. "पोरी, मराठी आकडे दाब."

"मावशी, तुम्हाला कसं माहीत?"

"कान आहेत मले. दाब."

१७. १. ८९. ओळ आली. स्त्री. आई लीला. मले वाचता आलं, बरोबर वाचता आलं. ती पोरगी म्हणे, "लीला म्हणजे तुम्हीच ना?"

"नाई. दाखला दे."

तिनं कागद देला, वरून खुर्ची देली. बसली नाई मी.

२९ जून

शीतल सकाळच्या गाडीनं आली. कागद हातात देला. आधी तारीख पाह्यली, नाचली, माह्या गालाचा मुका घेतला. मंग खाली वाचलं.

"लीला कोण व आई?"

म्हटलं, आधी जेव. जेवली. दोन भाकरी, वांग्याची भाजी. माह्याकडे पाह्यलं नाई, पण ताट पुसून खाल्लं.

आता मोरीत हात धुऊन राह्यली. नळ लय वेळ सुरूच. मी हे लिहून राह्यली, अक्षर पाह्य कसं वाकडं.

नळ बंद झाला.