शेगडी एक जूनलाच पेटेल

१२ मे, सकाळी ९
घरात चौदा अंश. उत्तम. माणूस ताजातवाना राहतो.

आजपासून नोंद ठेवायची. घर कधी तापवायचं आणि किती, हा निर्णय आपल्या ओसोर्नोत (दक्षिण चिली, इथे मेपासून थंडी) लोक बायकांच्या कुरकुरीवर घेतात. मी एकतीस वर्षं शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, उष्णता हा माझा खास विषय. ठरलं ते असं : लाकडावरची शेगडी एक जूनला सकाळी आठ वाजता पेटेल. त्याआधी नाही. तापमान अठरा. एकोणीस झालं की खिडकी उघडायची. तक्ता करून स्वयंपाकघरात लावला आहे.

समोरचा हेरिबेर्तो क्लागेस मार्चपासून शेगडी पेटवून बसलाय. विधुर माणूस, भर मे महिन्यात बनियनवर फिरतो. इथून खिडकीतून सगळं दिसतं. शिसारी येते.

सासूबाई (वय ८३, मुक्काम आमच्याकडे) तक्ता वाचून म्हणाल्या, जावईबापू, हा कागदच जाळा, तेवढीच ऊब.

१४ मे
लाकूड घेतलं. मोठी गाडी भरून, खास उल्मोच्या झाडाचं, भरपूर ऊब देणारं. ओसोर्नोत सगळे जानेवारीत घेतात आणि उन्हाळाभर वाळवतात, मेंढरांसारखे एकामागून एक. जानेवारीत मी तक्त्याची तयारी करत होतो. शिवाय आमचा नेहमीचा लाकूडवाला ऐन वामकुक्षीच्या वेळी आला आणि भोंगा वाजवला. असल्या माणसाकडून मी घेत नाही. त्याला हाकललं, तो परत फिरकला नाही.

आजचा लाकूडवाला सभ्य. दोन ओंडके एकमेकांवर आपटून दाखवले. कोरडं असेल तर खणखणीत वाजतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत. मला स्वच्छ खणखणीत ऐकू आलं. एदेल्मिरा (बायको) म्हणते भिजलेल्या जोड्यासारखा आवाज आला. तिला सर्दी आहे, कान बंद असणार.

२० मे
मारिसेलाचा (मुलगी) फोन, कोन्सेप्सिओनहून. सान हुआनच्या सणाला येणार! तेवीस जूनला सकाळी येऊन चोवीसला परत, सुट्टी तेवढीच आहे. एलोइसाला घेऊन. माझी नात, तीन महिन्यांची, अजून पाहिलेली नाही. फोटोत कपाळ माझं आहे.

आईला म्हणाली, बाळाच्या छातीत मागच्या आठवड्यात घरघर होती, डॉक्टर म्हणाले खोली एकवीस अंश हवी. तेवढं जमेल ना बाबांना? नाहीतर उन्हाळ्यातच येते. मी फोन हातात घेऊन म्हणालो, एकवीस काय, बावीस मागितले तरी देईन.

ठेवल्यावर विचार केला. एकवीस म्हणजे चैन आहे. आम्ही लहानपणी नाकाला थेंब लोंबत असताना झोपायचो. पण नातीसाठी तत्त्वाला तीन अंशांची सवलत. तक्त्यात लाल शाईने दुरुस्ती केली.

२७ मे
अकरा अंश. बाहेर पाऊस, सहावा दिवस. कपड्यांच्या कपाटात माझ्या काळ्या बुटांवर हिरवी लव उगवली आहे. किळसवाणं. एदेल्मिरा टॉवेल पिळून वास घेते आणि माझ्याकडे बघते. जेवताना दोघी मायलेकी लोकरीचे पोंचो घालून बसतात, सासूबाई वर टोपीही घालतात. सूपच्या वाफेवर हात धरतात आणि सूप पीत नाहीत. हा माझ्या डोळ्यांदेखत चाललेला निषेध आहे.

मी म्हणालो, चारच दिवस राहिले. सासूबाई म्हणाल्या, माझे की शेगडीचे?

१ जून, सकाळी ८
ऐतिहासिक दिवस.

सकाळी ११
वारा दक्षिणेचा असल्यामुळे धुराडं उलटं ओढत होतं. घरात धूर झाला. लाकूड पेटत नव्हतं असं नाही, सुस्कारे टाकत होतं. ओंडक्यांच्या टोकांना पांढरा फेस आला. एदेल्मिरा म्हणाली, अहो, हे रडतंय. मी सांगितलं की हा लाकडाचा अंतर्गत नैसर्गिक ओलावा आहे, सगळ्या लाकडांत असतो. ती म्हणाली, क्लागेसच्या लाकडात नसतो. तिला कसं माहीत?

शेगडी विझवली. म्हणजे विझली. मी तिला अडवलं नाही.

२ जून
शांतपणे विचार करून तारीख पुढे ढकलली. एक जून ही नाहीतरी कॅलेंडरवाल्यांची तारीख. खरा हिवाळा सान हुआनच्या सुमारास. वीस जूनला पेटवायची, भिंतींना तापायला तीन दिवस मिळतात, तेवीसला बरोबर एकवीस. उलट हेच जास्त शास्त्रीय आहे.

लाकूड दरम्यान आणखी कोरडं होईल. कोरडं आहेच, आणखी होईल.

६ जून
एदेल्मिरा रोज दुपारी तीन ते सात क्लागेसकडे विणायला जाते. म्हणते, बिचारा एकटा असतो. सासूबाईही जातात, म्हणे गुडघ्यासाठी. मला पटलं. एकट्या माणसाला सोबत द्यावी. त्यांच्या या परोपकाराला माझा पूर्ण पाठिंबा आहे, असं मी दोघींना स्पष्ट सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, तुमचे उपकार, जावईबापू.

मला बोलावलं होतं. गेलो नाही. बनियनवर वावरणाऱ्या माणसाच्या घरी बसून मी काय बोलणार?

९ जून
लाकडाची सोय केली. एक थर आमच्या पलंगाखाली, एक सासूबाईंच्या, बाकी गॅसच्या ओव्हनमध्ये मंद आचेवर, तीन-तीन ओंडके. दर दोन तासांनी फिरवायचे. पद्धत माझी स्वतःची.

एदेल्मिराला नेमका आजच सफरचंदाचा कूखेन (जर्मन केक) भाजायचा होता. मी म्हणालो, ओव्हन कामात आहे. ती पीठ घेऊन क्लागेसकडे गेली. संध्याकाळी मला एक तुकडा आणला. खुसखुशीत होता. अर्धाच खाल्ला. उरलेला नंतर खाल्ला.

१३ जून
खोलीत ओल वाढली आहे. पलंगाखालचं लाकूड पाणी सोडतंय, म्हणजेच कोरडं होतंय, म्हणजेच पद्धत यशस्वी. पण ते पाणी गादीत शिरलं. एदेल्मिरा काल रात्री उठून सोफ्यावर गेली. सकाळी म्हणाली, बत्तीस वर्षं संसार केला, पण ओंडक्यांबरोबर झोपायची वेळ आज आली. मी म्हणालो, आज नाही, काल.

ओव्हनमधल्या एका ओंडक्याने पेट घेतला. म्हणजे बघा, पेटतं.

१५ जून
मारिसेलाचा फोन. बाबा, घरात किती आहे? मी म्हणालो, एकवीस. खोटं नाही. थर्मामीटर त्या वेळी किटलीच्या बाजूला होता आणि त्यात एकवीसच होते, मी फोन येण्याआधीच तिथे ठेवला होता. ती म्हणाली, मग तिकीट काढते. आवाजात काय आनंद होता पोरीच्या! मलाही बरं वाटलं. फोन ठेवल्यावर थोडा वेळ बरं वाटलं नाही, पण ते थंडीमुळे.

२० जून, सायंकाळी ५
पेटवली. वृत्तपत्राचे गठ्ठे, मेणबत्तीचे तुकडे, तक्ता सोडून सगळे कागद. पेटली! घरात तेरा. हळूहळू चढतंय.

सायंकाळी ७
अपमानाची नोंद करतो, कारण नोंद ठेवायची ठरवलं आहे.

आज शहराची हवा धुराने दूषित असल्याचं जाहीर झालं होतं. अशा दिवशी संध्याकाळी सहानंतर कोणाच्याही धुराड्यातून धूर दिसता कामा नये. मी रेडिओ ऐकत नाही, उथळ कार्यक्रम असतात. सव्वासहाला दारावर टकटक. पिवळं जाकीट घातलेली बाई, आरोग्य खात्याची. पाहतो तर यास्ना बारिएंतोस, माझी विद्यार्थिनी. म्हणाली, सर, तुमच्या घराचा धूर नदीच्या पुलावरून दिसतोय. मी बाहेर जाऊन पाहिलं. जरा होता. अख्खी गल्ली खोकत दारात उभी.

तिने ओलावा मोजायचं दोन सुयांचं यंत्र ओंडक्यात खुपसलं. पंचवीस टक्क्यांच्या वर चालत नाही. अडतीस. दुसरा ओंडका, एकेचाळीस. मी म्हणालो, यंत्र सदोष आहे. तिने सुया स्वतःच्या तळहाताला लावून यंत्र नीट चालतंय हे मला दाखवलं. आणि अगदी अदबीने म्हणाली, सर, तुम्हीच शिकवलं होतं ना, ओल्या लाकडात आधी पाणी उकळतं, उष्णता सगळी त्यातच जाते. हे लाकूड या वर्षी जाळता येणार नाही.

शिकवलं होतं. तिला पूर्ण मार्क दिले होते. चूक झाली.

शेगडी विझवायला लावली. गल्लीने ते पाहिलं. क्लागेस रस्ता ओलांडून आला, अंगात बनियनवर कोट. म्हणाला, प्रोफेसर, माझ्याकडे जानेवारीचं वाळलेलं पडलंय, एक हातगाडी भरून आणतो, चोवीसपर्यंत पुरेल, बाळ येतंय ना. म्हणजे बाळाचं यालाही माहीत. मी म्हणालो, आभारी आहे, आमची व्यवस्था झाली आहे.

एदेल्मिरा माझ्या मागे उभी होती. आत आल्यावर म्हणाली, अहो, एक हातगाडी. फक्त हो म्हणायचं होतं. मी तिला समजावलं की हा सरपणाचा नव्हे, तत्त्वाचा प्रश्न आहे. तिने पोंचो उचलला आणि आईला हाताला धरून समोर गेली.

२१ जून
व्यवस्था : दोन रॉकेलचे हीटर, शाळेच्या शिपायाकडून मागून आणले. एकाची वात जळकी. घरात पंधरा अंश आणि पेट्रोलपंपाचा वास. डोकं दुखतं. खिडकी उघडली की दहा. बंद केली की डोकं.

एदेल्मिरा आणि सासूबाई रात्री तिकडेच राहिल्या. क्लागेसने मुलांची जुनी खोली दिली. सासूबाईंच्या गुडघ्यांना सोसायचं नाही म्हणून. योग्यच.

२३ जून, सकाळी ११
घर झाडलं. हीटर विझवून लपवले, वास लपला नाही. थर्मामीटर : सोळा. सोळा आणि एकवीस यांत पाचाचाच फरक, अंगावर एक स्वेटर जास्त. येतील इतक्यात.

दुपारी १२.३०
आल्या. तोवर घर पुन्हा अकरावर. मारिसेला दारातच थांबली. बाळाची टोपी काढली नाही. बोलताना तिच्या तोंडातून वाफ निघाली, ती तिने पाहिली, मग माझ्या तोंडातली पाहिली. भिंतीवरच्या काळ्या बुरशीकडे पाहिलं, हुंगलं. म्हणाली, बाबा, एकवीस? मी म्हणालो, संध्याकाळपर्यंत होतील. तिने विचारलं, आई कुठे आहे? मी समोर बोट दाखवलं.

बाळाला मी पाहिलं नाही. टोपी आणि शालीत फक्त नाक दिसत होतं. नाक कोणावर गेलं ते सांगता येत नाही.

ती तशीच वळली. ओरडली असती तर बरं झालं असतं. रस्ता ओलांडताना बाळाच्या तोंडावर हात धरला होता, थंडीपासून.

रात्रीचं सान हुआनचं जेवण तिकडे. दरवर्षी आमच्याकडे असतं. क्लागेस स्वतः बोलवायला आला. मी म्हणालो, पोट ठीक नाही. ठीक होतं. पाव खाल्ला.

२४ जून, दुपारी ४.१०, क्लागेसचं स्वयंपाकघर
वही खिशात होती म्हणून इथेच लिहितो आहे.

दुपारी तीनला आलो. सासूबाईंचा चष्मा आमच्याकडे राहिला होता, तो द्यायला. इथे तेवीस अंश, भिंतीवर थर्मामीटर आहे. जास्त आहे. कोणी तक्रार करत नव्हतं. एदेल्मिराने खुर्ची सरकवली.

एलोइसा जागी होती. टोपी नाही, कपाळ खरंच माझं. मारिसेलाने तिला पुढे केलं, म्हणाली, घ्या बाबा. घेतली. इतकी हलकी असेल असं वाटलं नव्हतं. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं, ओठ थरथरले आणि असा टाहो फोडला की क्लागेसच्या हातातला चमचा पडला. मी म्हणालो, मी काही केलं नाही. एदेल्मिराने माझ्या हातांना हात लावून पाहिला. म्हणाली, अहो, बर्फ झालेत हात. पोरीच्या उघड्या पाठीला लावलेत तुम्ही. रागावून नाही बोलली. रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं.

बाळ काढून घेतलं. म्हणाली, शेगडीपाशी उभे राहा, हात तापले की देते परत.

उभा राहिलो. दोन्ही तळवे पुढे, शिक्षा झालेल्या पोरासारखा. क्लागेसने माझ्यासाठी किटली बाजूला सरकवली आणि आणखी एक ओंडका टाकला. आवाज न करता पेटला. फेस नाही, धूर नाही. चांगलं लाकूड आहे. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, जानेवारीचं आहे, प्रोफेसर.

बराच वेळ लागला. रक्त बोटांत यायला लागलं तेव्हा दुखलं. मग वळलो, तर एलोइसा क्लागेसच्या खांद्यावर झोपली होती. तोंड उघडं, मुठी सैल. मी हात पुढे केले. मारिसेलाने ओठांवर बोट ठेवलं. आता नको बाबा, कशीबशी झोपली आहे.

पाचची बस आहे. साडेचारला निघतील. बाळ झोपलंय. माझे हात आता चांगले गरम आहेत.