केळी कुठल्या दिशेला निजवायची

च्यांगमाई, रविवार

आदरणीय लमुन मावशी,

दोन्ही हात कपाळाशी नेऊन नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल आणि बालवाडीतली मुलं तुम्हाला मागे धावायला लावत नसतील, अशी आशा करते. माझी तब्येत चांगली आहे. कालपासून अन्नही जातंय.

सर्वांत आधी मागच्या पत्रातली एक चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की विहाराच्या तळमजल्यावरच्या आमच्या योगवर्गातली बुद्धमूर्ती पूर्वेच्या भिंतीशी आहे. ती पश्चिमेच्या भिंतीशी आहे. (मी पहिल्या दिवसापासून मागच्या दाराने आत जाते, कारण पुढच्या दाराशी सिरिनबाई शिकवायला जमिनीवर बसतात आणि त्यांच्या डोक्याजवळून उभ्याने जाणं मला जमत नाही. त्यात दिशा उलटल्या.) त्यावर तुम्ही कळवलंत की मुलांना मूर्तीकडे डोकं करून निजव, पाय आपोआप लांब राहतील. सल्ला उत्तम होता, भिंत चुकीची होती.

मुलांच्या योगात शेवटी शवासन असतं. लहान मुलांसमोर तसलं नाव कोण घेणार, म्हणून आम्ही त्याला ‘वाळत घातलेली केळी’ म्हणतो. पहिल्या सराववर्गात मी सगळी केळी मूर्तीकडे डोकं करून ओळीने वाळत घातली. म्हणजे डोकी पश्चिमेला, म्हणजे आपल्याकडे फक्त प्रेताला निजवतात तशी. हे माझ्या लक्षात येण्याआधी खाओफांग नावाच्या पाच वर्षांच्या मुलीच्या लक्षात आलं. ती उठून बसली आणि म्हणाली, “आमच्या आजोबांना अस्संच ठेवलं होतं.” मग तिने आपली पाण्याची बाटली उघडली आणि शेजारच्या मुलाच्या तळहातावर हळूच पाणी ओतलं, देवळात आजोबांच्या हातावर ओतलं होतं तसं. “सुखाने जा हं,” असंही म्हणाली. बाकीच्यांना हा खेळ आवडला. तेही बाटल्या आणायला धावले. भिंतीशी बसलेल्या आया उठल्या आणि आपापलं केळं उचलून घरी गेल्या.

सिरिनबाई चिडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. “ओई, पाठीला दिशा कळत नाही गं,” एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, पाठीला नाही बाई, पण आयांना कळते. त्यावर त्यांनी शांतपणे सांगितलं की परीक्षेचा वर्ग असा रिकामा झाला तर योगशिक्षिकेचं प्रमाणपत्र मिळायचं नाही. आणि प्रमाणपत्र नाही म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे: आईच्या माशांच्या गोळ्यांच्या दुकानात जन्मभराची बैठक. तिने तसं माझ्याकडून कबूल करून घेतलंय.

परीक्षा शुक्रवारी झाली. परीक्षक म्हणून बँकॉकहून वन्नाबाई आल्या, केस पांढरेशुभ्र. त्यांना खुर्ची दिली होती, पण त्या नेमक्या जमिनीवर बसल्या. आजीने मला अक्षरओळखीच्या आधी जे शिकवलं (मोठ्यांपेक्षा आपलं डोकं वर न्यायचं नाही, कुणाकडे पाय करायचे नाहीत) ते एकदम अंगात आलं आणि मला उभंच राहवेना. वृक्षासन मी गुडघ्यांवर बसून शिकवलं. मुलांनी माझं बघून रोपटी केली. नाग चांगले झाले, नाग मुळात जमिनीवरच असतो.

मग केळ्यांची वेळ आली. मूर्ती पश्चिमेला, तिच्याकडे पाय नकोत. तिच्याकडे डोकं केलं तर पुन्हा प्रेतं. उत्तरेला आयांची रांग, दक्षिणेला वन्नाबाई. पाय वर करावेत तर माडीवर भिक्खूंचं वाचन चाललेलं. मावशी, मी खरंच सांगते, त्या खोलीत पायांना जागाच नव्हती. शेवटी मी मुलांना म्हटलं, आज केळी नाहीत, आज मांजरं. कुशीवर वळा, पाय पोटाशी घ्या, शेपूट नाकाशी.

आणि मुलं झोपली. खरोखरची. खाओफांगने बाटलीला हातही लावला नाही. मी दक्षिणेकडे पाहिलं, तर वन्नाबाईही कुशीवर, पाय पोटाशी, बारीक घोरत होत्या. आता त्यांना उठवणार कोण? त्यांच्या डोक्याशी उभं राहायची कुणाची छाती होईना. पाठीला दिशा नसते म्हणणाऱ्या सिरिनबाई दारापासून चक्क रांगत आल्या, त्यांच्याकडे बघितलं आणि तशाच रांगत परत गेल्या. आयाही जागच्या हलल्या नाहीत. शेवटी बाहेर आइस्क्रीमवाल्याची घंटी वाजली तेव्हा सगळे एकदम उठले, वन्नाबाई सर्वांत आधी.

डोळे पुसून त्या म्हणाल्या, “सगळ्याजणी सांगतात, डोळे मिटा. माझे मिटले आज पहिल्यांदा.” मी पास झाले.

किती हलकं वाटतंय म्हणून सांगू. दिशांची काळजी कायमची संपली. काल मी खोलीत खाट कुठे तोंड करून आहे ते न बघता झोपले. (सकाळी बघितलं. दक्षिण. चालतं.)

तुमची आज्ञाधारक भाची,
ओई

ता. क. तुमच्या बालवाडीत मला पहिला वर्ग घेऊ द्याल का? तिथली मूर्ती कोणत्या भिंतीशी आहे, ते कृपया आधी कळवा. काकांना विचारू नका, ते अंदाजाने सांगतात. फोनमधलं होकायंत्र वापरा.

ता. क. २. पास झाल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही. तिने दुकानात माझ्यासाठी गल्ल्याशी नवं स्टूल आणलंय, त्यावर माझं नाव घातलंय. तुम्ही तिच्या थोरल्या. तुम्ही जमिनीवर बसलात की तिलाही खाली बसावं लागेल, आणि खाली बसलेली आई ऐकून घेते. तेवढं बसाल का? गुडघ्याखाली उशी मी आणते.

ता. क. ३. आजी म्हणायची, विद्येचा आरंभ गुरुवारी करावा. सकाळी मुलं, दुपारी आई. मी अकरा जूनला येते, गुरुवारी.