पितळी माप

वेस्ट विंडसर, रविवार सकाळ

प्रिय मालिनी,

तुझा निरोप तीनदा वाचला. म्हणे शुक्रवारी क्लिनिकच्या विक्रीवर सही आहे, आणि बंदूकही काढून टाकायची आहे, कुणी गिऱ्हाईक असेल तर सांग. अठ्ठावीस वर्षांचं दातांचं क्लिनिक आणि एक ठासणीची बंदूक, दोन्ही एका वाक्यात निकालात काढलीस आणि खाली हात जोडल्याचं चित्र चिकटवलंस. मला त्या चित्राचा इतका वीट आला की फोन उशीखाली कोंबून ठेवला. त्यात माझी उजवीकडची खालची दाढ चार महिने ठणकते आहे, तेव्हा हे पत्र गोड होणार नाही. फोन का केला नाही, असं विचारशील. गेल्या दहा महिन्यांत तीनदा याच कामासाठी केला होता. तिन्ही वेळा थंडी, आमच्या संजयचं ब्लड प्रेशर आणि इंडियन स्टोअरमधली जून भेंडी यांवर बोलून ठेवून दिला.

तुझ्या बंदुकीला काय भाव येईल ते विचारायला काल बंदुकांच्या दुकानात गेले होते. हरणांच्या शिकारीचा सीझन तोंडावर, त्यामुळे जत्रा भरल्यासारखी गर्दी. भिंतभर बंदुकीवर बसवायचे स्कोप मांडलेले, प्रत्येकावर आधीच्यापेक्षा मोठा आकडा. दाढीवाला विक्रेता एका गृहस्थाला पटवत होता की चोवीसपट मोठं दाखवणारी दुर्बीण बसवल्याशिवाय हल्ली कुणी रानात पाऊल टाकत नाही. गृहस्थ मान डोलवत होता. इथल्या झाडीत ऐंशी-नव्वद पावलांच्या पलीकडे हरीण दिसतच नाही, त्याला चोवीसपट कशाला, त्याच्या मिश्या मोजायच्या आहेत? मला त्या दोघांचीही शिसारी आली. भाव न विचारताच बाहेर पडले. गाडीत बसल्यावर कळलं की तो गृहस्थ मला ओळखीचा का वाटला. गेल्या वर्षी त्याच काउंटरवर मी तशीच उभी होते.

आठवतं ना, आपण यात कशा पडलो? तू नागपूरची, मी सांगलीची, अमेरिकेत आल्यावर न्यू ब्रन्सविकला एका खोलीत दोन गाद्या टाकून राहायचो आणि झुरळ दिसलं तरी खुर्चीवर चढायचो. पुढे माझी मेथी सलग तीन वर्षं हरणांनी फस्त केली, तुझ्या गाडीवर एक आदळलं, आणि त्यांच्या गोचिडीपायी तुला लाइमचा ताप आला. तेव्हा शेजारच्या वॉल्टरनं चाळिशी उलटलेल्या दोन बायकांना शिकारीच्या ट्रेनिंगला नेलं. मराठी मंडळात बातमी पसरल्यावर काय तोंडं झाली होती एकेकीची. सरलाताई, ज्या गणपती उठला की तिसऱ्या दिवशी मटण चापतात, त्यांनी माझ्या हातची पोळी घ्यायचं बंद केलं. त्या ढोंगाची मला आजही किळस येते. तू मात्र हसत म्हणाली होतीस की मी दिवसाला चार दाढा उपटते, मला कसली आलीय भीती. आणि खरंच, तुझ्यासारखा स्थिर हात वॉल्टरनं पाहिला नव्हता. बारा वर्षांत तू एकही जनावर तडफडू दिलं नाहीस. गोळी बसायची, ते चार उड्या मारून पडायचं, आणि तू टोपी काढून क्षणभर उभी राहायचीस.

वॉल्टरची पद्धत तुला पाठ आहे. पितळी मापात बंदुकीची दारू ओतायची, मापाला बोटानं तीनदा टिचकी मारायची, ऐंशीच्या खुणेशी सपाट करायची, बंदुकीच्या नळीत ओतायची, वर गोळी ठेवून गजानं ठासायची. प्रत्येक वेळी हेच. मला ते बघवायचं नाही. एकतीस वर्षं औषधाच्या लॅबमध्ये चौथ्या दशांशापर्यंत तोलण्यात गेली, आणि हा माणूस चिपट्यानं तांदूळ मोजावेत तशी दारू मोजतो. मी त्याची थट्टा करायचे. तू म्हणायचीस, जाऊ दे गं, गोळी बसतेय ना जागेवर.

पण मला जाऊ देता येत नाही, हा माझा रोगच आहे. तुझी साठी झाली तेव्हा तुझा तो जुना चारपट स्कोप मी काढायला लावला आणि चौदापट भेट दिला. वॉल्टरनं तो हातात घेतला, फिरवून पाहिला आणि परत दिला. पहिल्याच दिवशी नेम धरून तू म्हणालीस की आतली नेमाची फुली नाचतेय. नाचणारच. जिवंत माणसाचा श्वास आणि नाडीचा ठोका त्यात चौदापट होऊन दिसतो. हे मला त्याच क्षणी माहीत होतं आणि मी तुला सांगितलं की सवय होईल. तू बराच वेळ त्या नाचणाऱ्या फुलीकडे बघत राहिलीस. तुझ्या बाबांना कंपवात झाला तेव्हा तू डेंटल कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होतीस आणि त्यांच्या हातातला चहा बशीत सांडायचा, हे मला ठाऊक होतं. तेव्हा तुझ्या मनात काय चाललंय हे मला कळायला हवं होतं.

मग ती डिसेंबरची सकाळ. शेताच्या कडेला ओकची पानं कडक गोठलेली, हरणाची मादी आडवी उभी, सत्तर पावलांवर. तू घाई केली नाहीस, मी शेजारी होते, मी पाहिलंय. बंदूक कधी नव्हे एवढी उसळली, स्कोपची कड तुझ्या भुवईवर बसली, रक्त आलं. धूर निवळला तेव्हा ती मादी पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होती. गोळी वर, पाठीच्या कण्याला लागली होती. तू पाय रोवून उभी आणि मी दुसऱ्यांदा ठासत होते, गज हातातून दोनदा सुटला. शेवट मी केला. कुजक्या अंड्यासारखा तो दारूचा वास आठवडाभर माझ्या केसांतून गेला नाही. तू भुवईचं रक्त पुसलं नाहीस, हातमोजा काढून उजव्या हाताकडे बघत राहिलीस आणि म्हणालीस, विनी, माझा हात गेला यार.

त्यानंतरचं मी सगळं लांबून बघितलं. जानेवारीत तू इम्प्लांट बंद केलीस, मार्चमध्ये दाढा काढणं बंद, उन्हाळ्यापासून सगळं त्या नव्या असिस्टंट डॉक्टरकडे आणि तू काउंटरवर. मेंदूच्या दोन डॉक्टरांनी काही नाही म्हणून सांगितलं, तर तू म्हणालीस की एवढ्यात दिसणार नाही, बाबांचंही उशिरा दिसलं होतं. चहा अर्धा कपच घ्यायला लागलीस. आता शुक्रवारी सही.

ऐक. त्या शिकारीच्या आदल्या आठवड्यात मी माझ्या घरच्या काट्यावर दारू तोलून प्लास्टिकच्या चार छोट्या नळ्या भरल्या होत्या, एकेका बाराला एक, कारण वॉल्टरच्या मापावर माझा विश्वास नव्हता. मापावरचा आकडा ऐंशी, म्हणून मी ऐंशी तोलली. पण तो आकडा वजनाचा नसतो, मालिनी, आकारमानाचा असतो. आपली ही नवी दारू हलकी, मापात ऐंशीच्या खुणेपर्यंत भरली तर तिचं वजन साठसुद्धा होत नाही. डब्यावर ठळक लिहिलंय की वजनानं मोजू नका. मी डबा वाचला नाही, मला कोण शिकवणार. जानेवारीत जॅकेट धुवायला काढलं तेव्हा खिशात उरलेल्या दोन नळ्या सापडल्या. वॉल्टरचं माप माझ्याकडेच राहिलं होतं, सहज एक त्यात ओतली. ऐंशीची खूण बुडाली, शंभराची बुडाली, तरी नळी संपेना. म्हणून बंदूक उसळली, म्हणून गोळी वर गेली, म्हणून तुझी भुवई फुटली. बंदुकीची नळी फुटून तुझा चेहरा गेला नाही हे नशीब. माझ्या हाताखालच्या कुणी ही चूक केली असती तर मी त्याला त्याच दिवशी घरी पाठवलं असतं. आणि मी काय केलं, तर माप धुऊन पुसून ठेवलं आणि तुला विचारलं की तब्येत कशी आहे. विनीतानं आकडा चुकवला, हे कुणाला कळण्यापेक्षा माझ्या मैत्रिणीला कंपवात झालेला मला चालला. दहा महिने चालला. सरलाताईंची काय किळस करायची.

तुझा हात गेलेला नाही. तो गेला असं मीच ठरू दिलं. पण नुसत्या माझ्या शब्दावर तू आता विश्वास ठेवावास असं मी काही शिल्लक ठेवलेलं नाही, म्हणून तुझ्या रिसेप्शनिस्टकडून गुरुवारी सकाळी दहाची वेळ घेतली आहे. ही दाढ चार महिने सडत ठेवली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, का ते मलाही कालपर्यंत कळत नव्हतं. येताना उरलेली नळी आणि पितळी माप आणते, तूच ओतून बघ. मग असिस्टंटला बाहेर पाठव, दार लाव आणि माझी दाढ तुझ्या हातानं काढ. हात थरथरला तर शुक्रवारी सही कर, मी तुझ्या शेजारी बसेन. नाही थरथरला तर कागद फाड, आणि त्यानंतर माझ्याशी बोलायचं की नाही ते तू ठरव. भूल द्यायची की नाही, तेही तूच ठरव.

निदान गुरुवारी दहापर्यंत तरी तुझीच,
विनी