कोयता शोधू नकोस

दादा,

बांगड्याचं तिखलं गॅसवर आहे, भाकऱ्या डब्यात. भुवईवरची पट्टी संध्याकाळी बदल, टाके ओले करू नकोस.

काल तू माझ्या गाडीचे दोन्ही टायर कोयत्याने फाडलेस, म्हणून मी हेल्मेट तुझ्या तोंडावर हाणलं. रक्त बघून ओढणी मीच दाबून धरली. तरी पुन्हा फाडलेस तर पुन्हा मारीन. रत्नागिरीहून कन्याकुमारीपर्यंत पोरगी एकटी बाइकवर गेली तर घराचं नाक कापलं जाईल म्हणालास. टायर फाडून ते शाबूत राहिलं काय?

हर्षदने सकाळी नवे टायर घातले. त्याच्या गॅरेजवर जाऊन हात उचलू नकोस, त्याने फक्त त्याचं काम केलं.

आणि आईला एक शब्द बोलायचा नाही. तू गोळी घेऊन झोपला होतास, तेव्हा तिने गाडीला हळदकुंकू लावलं, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि त्याच कोयत्याने नारळ फोडला. मग कोयता विहिरीत टाकला. म्हणाली, "तुझ्या बाबांनी माझ्यावर उगारला होता, तेव्हाच टाकायला हवा होता."

अपूर्वा