अकराव्या प्रश्नाचे उत्तर

१९ जुलै १९९६, शुक्र.
डॉ. शारदा सकाळी घरी आल्या. हेब्बाळपलीकडच्या दगडखाणीचा कडा पावसाने कोसळून खालच्या झोपड्या गाडल्या गेल्या, त्याला आज दहा दिवस. वाचलेली माणसे सोलापूरकडची, कन्नड बाजारापुरते. त्यांच्या इस्पितळाच्या पथकात मराठी कोणालाच येत नाही. वीस प्रश्नांची पाहणी करायची आहे: मानसिक आधाराची गरज कोणाला आणि किती. भाषांतर आणि विचारणा मी करावी, अशी विनंती. मान्य केली, अट एकच, उत्तर होय किंवा नाही, मध्ये काही नाही. "सर, रिटायर झालात तरी तुमचा लॉजिकचा तास चालूच आहे." चौतीस वर्षे तेच शिकवले. दुसरे काही येत नाही.
अक्का, थोरलेपणाच्या हक्काने: "एकाहत्तरी आली. स्वल्प घरी बसावं, तर हा लोकांची डोकी तपासायला निघाला. आधी स्वतःचं दाखवून ये, श्रीपा."

२२ जुलै, सोम.
जयनगरच्या घरून दोन बस. माणसांना एका कल्याण मंटपात ठेवले आहे. आषाढात लग्ने नाहीत म्हणून ते रिकामे. श्रावण लागला की मालकाला परत हवे. तोवर पाहणी पुरी व्हायची आहे. ज्यांची गरज सिद्ध होईल त्यांना शहरात निवारा आणि पथकाच्या भेटी. सिद्ध न झाल्यास सगळे परत खाणीवर, त्याच कड्याच्या दुसऱ्या अंगाला.
प्रौढ सतरा. वधूवरांच्या दोन लाल खुर्च्या मंचावर तशाच आहेत. त्यांवर कोणी बसत नाही, मुलेसुद्धा नाही.

२४ जुलै.
चंद्राबाई, वय तिशीचे. नवरा लिंबाजी कड्याखाली गेला, सापडला नाही. पहिल्या दहा प्रश्नांना नीट उत्तरे. झोप येते, जेवण जाते.
प्र. ११: इतरांना ऐकू न येणारे आवाज तुम्हाला ऐकू येतात का?
"येत्यात की. रोज सकाळी. तीन ठोके, मग दोन. त्येचाच हात हाय, जड."
खाणीतली रीत तिने समजावली. दगडाखाली अडकलेला छिन्नीने तीन-दोन ठोकतो. वरचा एकच ठोका देतो. त्याचा अर्थ, ऐकले, येतो. तो मिळेपर्यंत खालचा थांबत नाही.
"मी देते ठोका, वरवंट्यानं. मग गप हुतो."
खाण येथून आठ मैल. तसे म्हटल्यावर तिने माझ्याकडे कीव केल्यासारखे पाहिले. नंतर: "मास्तर, आमाला तिकडं नेऊ नगा. हितनं ठोका देऊन भागतंय. तिथं गेले तर मी उकराया जाणार. कडा अजून सुटा हाय."
हे लिहायला अर्जात रकाना नाही. लिहिले नाही.

२६ जुलै.
सोळा अर्ज झाले. प्र. ११ ला सगळ्यांचे एकच. परस्परांत ठरवून सांगत असावेत, असा संशय. म्हणून आज पहिल्या बसने गेलो.
सातला पाच कमी. बायका चहा गाळत होत्या, एक म्हातारा मिसरी लावत होता. एकाएकी सगळे थांबले. म्हाताऱ्याचे बोट तोंडातच. मुलांची डोकी उत्तरेच्या भिंतीकडे वळली, एकाच क्षणी. कोणी कोणाकडे पाहिले नाही. पाच श्वास गेले असतील. चंद्राबाईने वरवंटा फरशीवर एकदा आपटला. चहा पुन्हा गाळला जाऊ लागला.
म्हातारा, थुंकून: "आज लई जोरात व्हता. न्हाई का, मास्तर?"
मला पंख्याच्या खडखडीखेरीज काही ऐकू आले नाही.

२७ जुलै, शनि.
सतरावा अर्जही काल झाला. प्र. ११ निकालात काढला. प्रश्न 'इतरांना ऐकू न येणाऱ्या' आवाजाचा आहे. हा आवाज सतराच्या सतरा जणांना ऐकू येतो. तेव्हा त्यांच्यापैकी कोणाच्याही बाबतीत तो इतरांना ऐकू न येणारा ठरत नाही. उत्तर: नाही. सतरा वेळा नाही. पेन्सिलीने भरले, शेरा लिहिला नाही. शेरा म्हणजे मत. मागितले होते उत्तर.
समाधान वाटले, हेही नोंदवून ठेवतो.

३० जुलै.
डॉ. शा. यांनी अर्ज चाळले. "एकही होय नाही? एवढं होऊनही?"
"प्रश्न जसा आहे तसे उत्तर आहे."
"तुम्ही म्हणता म्हणजे बरोबरच असणार, सर."

१४ ऑगस्ट, बुध.
मंटप रिकामे झाले. मी गेलो नव्हतो. डॉ. शा. फोनवर: सगळे लॉरीत मुकाट चढले, फक्त चंद्राबाईने विचारले, मास्तरांनी काय लिहिलं?
काय सांगितलेत, हे मी विचारले नाही.

१७ ऑगस्ट.
पुन्हा फोन. खाणीवरच्या मुकादमाचा निरोप आला आहे: चंद्राबाई रोज कड्याखाली जाते, हातांनी उकरते. दोनदा ओढून आणली. डॉ. शा. कामासाठी परगावी निघाल्या आहेत, गुरुवारी येतील. "तिच्या अर्जात असं काहीच नव्हतं, सर."
नव्हते.

१९ ऑगस्ट, सोम.
सकाळी साडेपाच, खिडकीशी बसलो असताना. तीन. मग दोन. उत्तरेकडून.
रक्तदाब तपासून घेतला, नेहमीइतकाच. नळ, पंखा, शेजारचा पंप, एकेक बंद करून आणि करवून पाहिले. सातनंतर रस्त्याच्या वर्दळीत बुडाला.
दिवसभर अर्जांची माझी प्रत समोर. चूक सापडली. विद्यार्थ्याने केली असती तर वर्गाबाहेर घालवला असता. 'इतर' म्हणून त्या सतरा जणांनाच मोजले. २६ तारखेला त्या खोलीत अठरावा माणूस होता. त्याला ऐकू येत नव्हते. इतर तो होता.
सतरा वेळा होय.
प्रतीवर सतराही उत्तरे दुरुस्त केली. चंद्राबाईच्या अर्जाच्या समासात तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत लिहिले, जागा पुरली नाही म्हणून मागच्या बाजूला. इस्पितळात नेऊन दिले. खिडकीवरचा कारकून: डॉक्टर आल्यावर पाहतील, गुरुवारी.
खाणीवर फोन नाही.

२० ऑगस्ट, मंगळ.
पाच वाजून चाळीस. पुन्हा. तीन, दोन.
आज नीट ऐकले. चंद्राबाईने सांगितला तो हात जड होता. हा हलका आहे. मध्ये मध्ये चुकतो, पुन्हा पहिल्यापासून धरतो, नवख्यासारखा.
कोरा अर्ज घेऊन स्वतःचे नाव घातले. प्र. ११: होय. घरात दोघेच, अक्काला विचारल्याशिवाय उत्तर पक्के नाही, हे कळत होते. तिचे 'नाही' आले तर मी आजारी. 'होय' आले तर
अक्का कॉफी घेऊन आली. लोटा ठेवला. "आज पण बाहेर? बरं, जाताना त्या समोरच्यांना सांगून जा, सूर्य उगवायच्या आधी ठोकाठोकी नको म्हणावं. कालपासून डोकं उठलंय. सरी? सांगशील ना?"
समोर बांधकाम नाही. समोर मैदान आहे.
रबर हातात होते, ते खाली ठेवले. पट्टी उचलून टेबलावर एक ठोका दिला.
अक्का: "आता तू पण?"
बाहेरचा आवाज थांबला आहे. पहिली बस सव्वासहाला.