एका दुपारचं काम

३ जून, मंगळवार
गाडीच्या इंजिनाजवळून फटफट आवाज. बायको म्हणते, महिनाभर येतोय. तिला सगळंच महिनाभर आधी कळतं. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकने बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, एक्झॉस्टचं पॅकिंग गेलंय, गाडी सोडून जा. पॅकिंग! गॅस्केटला पॅकिंग म्हणणाऱ्याच्या हाती मी गाडी देत नसतो. घरीच बसवीन. एका दुपारचं काम.
रविवारी मुलीला हॉस्टेलवर सोडायचंय. जन्मल्यावर दवाखान्यातून ती याच गाडीने घरी आली, घराबाहेर पडतानाही याच गाडीने जाईल. तसा शब्द दिलाय.

४ जून, बुधवार
गॅस्केट आणली. दुकानदाराने विचारलं, बसवणार कोण? मीच, असं म्हटल्यावर माझ्या हातांकडे बघत राहिला. मूर्ख.
गॅस्केट बदलायचा व्हिडिओ पाहिला, अर्धा. अर्ध्यात खोलणं, अर्ध्यात तेच उलट. एवढं न कळायला मी काय दुकानदार आहे?
मेहुण्याचा फोन. रविवारी माझी गाडी आणू का? त्याच्या नव्या गाडीला आवाज नाही, आणि त्याला स्वतःचं मत नाही. नको म्हणालो.

५ जून, गुरुवार, दुपार
मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करणारा नळ, निघाला. एक बोल्ट तुटला. बाकीचे पुरेत, कंपनीवाले घाबरून जास्तच लावतात. इंजिनाची धूर बाहेर सोडणारी चार भोकं उघडी पडली. धूळ जाऊ नये म्हणून जुनं बनियन फाडून चारही भोकांत बोळे घट्ट कोंबले. सर्जनसुद्धा एवढी काळजी घेत नसतील. जुन्या गॅस्केटचा चिकटलेला थर उलथन्याने खरवडला. बायको उलथनं शोधत आली, बघितलं आणि शेजारी दुसरं मागायला गेली. म्हणजे पटलंय.

६ जून, शुक्रवार
पाठ धरली. विश्रांती. यंत्रालाही लागते.
मुलगी बॅगा भरतेय. म्हणाली, "बाबा, गाडी कुठलीही चालेल. तुम्ही आलात म्हणजे झालं." हळवी आहे. आईवर गेलीय.

७ जून, शनिवार, संध्याकाळ
नवी गॅस्केट बसली, मॅनिफोल्ड चढला, बोल्ट आवळले. स्टार्टर मारला. इंजिनाने दोन आचके दिले आणि गप्प. फटफट नाही, काहीच नाही. गळती बंद झाल्याचा याहून मोठा पुरावा कुठला? इंजिन सुरू होत नाही हा वेगळा विषय. बॅटरी. चार्जिंगला लावली.
मेकॅनिकला मुद्दाम जाऊन सांगून आलो. तो हसला. जळतात लोक.

८ जून, रविवार
बॅटरी भरली. गाडी ढिम्म. तेवढ्यात मेहुणा दारात हजर. बायकोने कालच सांगून ठेवलं होतं म्हणे. घरातच फितुरी!
बॅगा त्याच्या डिकीत गेल्या. मागची एक सीट माझ्यासाठी रिकामी. मुलगी म्हणाली, "चला ना बाबा." मी त्या डबड्यात बसणार? तुम्ही व्हा पुढे, म्हणालो, मी आपल्या गाडीने मागोमाग येतो, वाटेतच गाठतो. तिने गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. पाया पडली आणि गेली.
संध्याकाळपर्यंत स्टार्टर मारत होतो.

९ जून, सोमवार
व्हिडिओचा उरलेला अर्धा पाहिला. तो माणूस सगळ्यात आधी भोकांतले बोळे काढतो. हे त्याने पहिल्या अर्ध्यातच सांगायला हवं होतं. असल्या लोकांना व्हिडिओ करू देतात कोण?
मॅनिफोल्ड पुन्हा उतरवला. बोळे काढले. पुन्हा चढवला. पहिल्याच स्टार्टरला गाडी सुरू. फटफट अजिबात नाही. बायकोने विचारलं, बनियनच्या या चिंध्या कसल्या? बॅटरी पुसायला, म्हणालो.

रात्री मुलीचा फोन. खोली बरी आहे, खिडकी रस्त्याच्या बाजूला आहे. काल अंधार पडेपर्यंत तिथेच बसली होती म्हणे. "तुम्ही आला असतात तर आवाजावरूनच कळलं असतं मला."
आवाज आता बंद केलाय, म्हणालो.
बरं, म्हणाली.
वाईट वाटलं. कोणाला सांगणार? खाली जाऊन गाडीत बसलो, इंजिन सुरू केलं. काम चोख झालंय. आता जायचं कुठे नाही.